भरती, ओहोटी आणि हिवाळी पक्षी : कच्छच्या आखातावरील एक दिवस

सौराष्ट्र आणि कच्छ या दोन भूभागांच्या मध्ये समुद्राचा एक लांबट हात पूर्वेकडे शिरलेला आहे. त्यास कच्छचे आखात असे म्हणतात. या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर जामनगर हे शहर वसले आहे. शहराच्या पश्चिमेस, सुमारे साठ किलोमीटरांवर, नरारा नावाचा प्रवाळांचा आणि चिखलाचा उथळ किनारा आहे. ईशान्येस सुमारे बारा किलोमीटरांवर खिजडिया हे पक्षी-अभयारण्य आहे. ओहोटीच्या वेळी या किनाऱ्यावर प्रथमच येणाऱ्या मनुष्यास दूरवर पसरलेला करडा चिखल, तिवराची खुरटी झाडी आणि क्षितिजाशी पाण्याची एक पुसट रेघ यांखेरीज फारसे काही दिसत नाही. ही भूमी ओसाड आहे, हिचा कोणास काय उपयोग, असे त्यास वाटल्यास नवल नाही.

परंतु ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत याच भूमीवर हजारो पक्षी उतरलेले असतात. त्यांतील अनेकांचा जन्म उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात झालेला असतो. हजारो किलोमीटरांचे अंतर तोडून ते या चिखलावर येतात आणि चार-पाच महिने येथेच काढतात. त्यांना येथे असे काय मिळते, आणि किनाऱ्याच्या एकाच पट्ट्याचे एक दिवस धीराने निरीक्षण करणाऱ्यास त्यातून काय कळते, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

आखातातील भरती

येथील पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा समुद्राच्या पाण्याने आखलेला असतो. म्हणून प्रथम भरती-ओहोटीचा विचार करणे अवश्य आहे. कच्छचे आखात तोंडाशी रुंद असून आत जावे तसतसे अरुंद आणि उथळ होत जाते. समुद्रातून आत शिरणाऱ्या पाण्यास बाजूंना पसरण्यास जागा उरत नाही, त्यामुळे ते वर चढते. उधाणाच्या दिवसांत आखाताच्या मुखाशी असलेल्या ओखा बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे तीन मीटरांचे अंतर असते. तेच अंतर आखाताच्या अंतर्भागातील कांडला बंदरात सुमारे सहा मीटर होते. नरसाळ्यात ओतलेले पाणी निमुळत्या भागात जसे उंच चढते, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

किनारा जवळजवळ सपाट असल्यामुळे पाण्याची पातळी थोडी जरी उतरली तरी फार मोठे क्षेत्र उघडे पडते. उधाणाच्या ओहोटीत पाणी काही ठिकाणी दृष्टीच्या टप्प्याबाहेर जाते. दिवसातून दोन वेळा ही भूमी समुद्राची होते आणि दोन वेळा जमिनीची.

अमावास्या आणि पौर्णिमा या दिवसांच्या आगेमागे उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद, भरती असते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. उदाहरणार्थ, पंचमीस ती पावणेचारच्या सुमारास येते. चंद्रोदय दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतो आणि त्याच्याबरोबर भरतीही सरकते, हे या रीतीमागील कारण होय. कच्छच्या आखातात पाणी आतपर्यंत पोहोचण्यास आणखी काही वेळ लागतो, म्हणून तेथील भरती कोकणातील भरतीपेक्षा उशिरा होते. यावरून असे दिसून येईल, की पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या सुमारास जामनगरच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी येते, आणि ओहोटीची परिसीमा सूर्योदयाच्या आसपास होते. पक्षी पाहावयास जाणाऱ्याने असा दिवस निवडावा. पहाटे उघडा चिखल, दुपारी भरलेला किनारा आणि संध्याकाळी पुन्हा उतरते पाणी, असे तिन्ही प्रसंग त्यास एकाच दिवसात पाहावयास मिळतात.

पक्षी येतात ते कशासाठी

थंडीस भिऊन पक्षी दक्षिणेकडे येतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णांशाने खरा नाही. पिसांचे आवरण इतके उत्तम असते, की पुरेसे अन्न मिळत राहिल्यास पुष्कळसे पक्षी कडक थंडी सहन करू शकतात. खरी अडचण अन्नाची असते. उत्तरेकडील दलदलींचा आणि टुंड्राचा पृष्ठभाग हिवाळ्यात गोठून दगडासारखा होतो. ज्या पक्ष्याचा सारा निर्वाह मऊ मातीत चोच खुपसून कृमी-कीटक काढण्यावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने गोठलेली जमीन म्हणजे कुलूप लावलेले कोठार. कच्छच्या आखातातील चिखल कधीही गोठत नाही, आणि समुद्र दिवसातून दोन वेळा त्यावर नवे अन्नद्रव्य पसरवून जातो. नद्यांचा गाळ, तिवरांची कुजलेली पाने आणि पाण्यातील सूक्ष्म वनस्पती यांच्यावर कृमी, शिंपले, गोगलगायी, कोळंबीची पिले आणि खेकडे पोसले जातात; आणि त्यांच्यावर पक्षी.

मग हे पक्षी बाराही महिने येथेच का राहत नाहीत, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर उत्तरेकडील उन्हाळ्यात आहे. ध्रुवीय प्रदेशात जून-जुलै महिन्यांत सूर्य जवळजवळ मावळत नाही, आणि कीटकांची संख्या अल्पावधीत प्रचंड वाढते. पिलांना वाढविण्यास असा काळ दुसरीकडे मिळत नाही. म्हणजे या पक्ष्यांना दोन घरे आहेत आणि त्यांपैकी कोणतेही एक सोडून त्यांचे चालत नाही. दोन घरांच्या मधला मार्गही त्यांना तितकाच आवश्यक आहे, कारण वाटेत थांबून अन्न घेतल्याशिवाय त्यांतील बहुतेकांना पुढचा टप्पा गाठता येत नाही. मध्य आशिया आणि सायबीरिया येथून भारताकडे येणारा हवाई मार्ग सुमारे तीस देशांवरून जातो. पश्चिम आशियातून पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या मार्गावरील पक्षीही कच्छ-सौराष्ट्रात पोहोचतात. या प्रदेशाचे महत्त्व त्यामुळे दुप्पट झाले आहे.

सकाळ : चोचींची वाटणी

सूर्य वर येतो त्या वेळी नराऱ्याच्या किनाऱ्यावर पाणी दूर गेलेले असते. दुर्बिणीतून पाहू लागताच जो चिखल रिकामा वाटत होता तो हालताना दिसू लागतो. करड्या मातीवर करड्याच रंगाचे पक्षी पसरलेले असतात. हिवाळ्यात यांतील बहुतेकांचा पिसारा फिका असतो, त्यामुळे रंगावरून त्यांची ओळख पटविणे कठीण जाते. नवशिक्या निरीक्षकाने रंगाकडे कमी आणि चोचीकडे अधिक पाहावे. चोचीची लांबी, तिचा बाक आणि पक्ष्याची चालण्याची रीत या तीन गोष्टींवरून बरेचसे काम भागते.

छोटा टिलवा हा येथील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक होय. त्याचे वजन वीस ते तीस ग्रॅमच असते आणि चोच दोन सेंटीमीटरांहूनही आखूड. तो चिखलाच्या पृष्ठभागावरील बारीक जीव भराभर टिपीत धावतो. शिवणयंत्राची सुई चालावी तशी त्याची मान हालत असते. बाकदार चोचीचा तुतवार थोडा मोठा असून त्याची चोच तीन-चार सेंटीमीटर खोल जाते. लाल पायांचा टिलवा उथळ पाण्याच्या कडेने चालतो. पाणटिवळा हा उंच पक्षी आपली लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. आणि या सर्वांवर ताण करणारा पक्षी म्हणजे कोरल. त्याची खाली वाकलेली चोच दहा ते पंधरा सेंटीमीटर लांब असते. मादीची चोच नराच्या चोचीपेक्षाही लांब. बिळात खोल दडलेला खेकडा किंवा कृमी तो त्या चोचीने वळसा घेऊन बाहेर ओढतो.

एकाच चिखलावर इतक्या जातींचे पक्षी एकत्र जेवूनही त्यांच्यात मोठीशी भांडणे होत नाहीत, याचे मर्म येथे आहे. प्रत्येकाचे ताट वेगळ्या खोलीवर मांडलेले असते. वरचा थर टिलव्याचा, मधला तुतवाराचा, खालचा पाणटिवळ्याचा आणि कोरलचा. कालवफोड्या हा काळा-पांढरा पक्षी आपल्या मजबूत लाल चोचीने शिंपले उघडतो, म्हणजे त्याचे अन्नच निराळे. चिखल्या पक्ष्यांची रीतही भिन्न आहे. त्यांची चोच आखूड असते, परंतु डोळे मोठे. ते चार पावले धावतात, एकदम थांबतात, निश्चल उभे राहून पाहतात आणि हालचाल दिसताच टिपतात. तुतवार स्पर्शाने शिकार करतो, चिखल्या दृष्टीने.

स्पर्शाने शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या चोचीविषयी आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. चोच वरून शिंगासारखी कठीण दिसली तरी तिच्या टोकाशी असंख्य सूक्ष्म संवेदक दडलेले असतात. ओल्या वाळूत चोच खुपसली म्हणजे कणांमधील पाण्याचा दाब बदलतो, आणि जवळपास एखादा शिंपला असल्यास त्या दाबात पडणारा फरक काही पक्ष्यांना जाणवतो, असे प्रयोगांवरून दिसून आले आहे. दुसरी गोष्ट अशी, की चोचीचे केवळ टोक उघडता येईल अशी तिची रचना असते. संपूर्ण चोच उघडावयाची तर भोवतालचा चिखल बाजूस सारावा लागला असता. टोकापुरती उघडण्याने ते श्रम वाचतात.

खेकडेखाऊ

नराऱ्याच्या किनाऱ्यावर निरीक्षक ज्या पक्ष्याचा विशेष शोध घेतात, तो क्रॅब प्लव्हर होय. त्यास मराठीत खेकडेखाऊ म्हणण्यास हरकत नाही. शुभ्र अंग, पाठीवर काळा पट्टा, लांब करडे पाय आणि अडकित्त्यासारखी जाड काळी चोच अशी त्याची ठेवण आहे. नावाप्रमाणे खेकडे हेच त्याचे मुख्य अन्न. प्राणिशास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी एक स्वतंत्र कुल मानले असून त्या कुलात या एकाच जातीचा समावेश होतो.

या पक्ष्याचे घरटे फार नवलाचे असते. किनाऱ्यावरील बहुतेक पक्षी उघड्यावर खळगा करून त्यात ठिपकेदार अंडी घालतात. खेकडेखाऊ मात्र अरबी समुद्र, इराणचे आखात आणि तांबडा समुद्र यांच्या काठी वाळूत लांब बीळ खणतो आणि त्यात पांढरेशुभ्र असे बहुधा एकच अंडे घालतो. बिळातील अंधारात शत्रूच्या दृष्टीस पडण्याचे भय नसल्याने अंड्यास ठिपक्यांची गरज उरत नाही. तापलेल्या वाळूची ऊब अंडे उबविण्यास साहाय्य करते, त्यामुळे आईबापांना त्यावर सतत बसून राहावे लागत नाही.

हिवाळ्यात जामनगरच्या किनाऱ्यावर या पक्ष्यांचे लहान-मोठे थवे दिसतात. लक्षपूर्वक पाहिल्यास त्यांत काही पक्षी फिकट करड्या पाठीचे आढळतात. ती त्या वर्षीची पिले. समुद्रावरून इतका प्रवास करून आल्यावरही ती आईबापांच्या मागे मागे फिरतात आणि घास मागतात, आणि आईबापही त्यांना खेकडा देतात. खेकडा पकडून, त्याच्या नांग्या झटकून तो खाण्याजोगा करणे ही विद्या सोपी नसावी, असे यावरून अनुमान निघते. अन्य बहुतेक किनारी पक्ष्यांत पिलू अंड्यातून बाहेर पडल्यापासून स्वतःच टिपू लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दृश्याचे महत्त्व कळेल.

दुपार : भरती आणि विश्रांती

नऊ-दहाच्या सुमारास पाणी परतू लागते. प्रथम ते चिखलातील अरुंद नाळ्यांतून मुकाट्याने आत सरकते आणि मग सर्वत्र पसरते. पक्षी त्याच्या पुढे पुढे मागे हटतात. जेवणाची जागा दर क्षणी आकुंचन पावत असल्यामुळे विखुरलेले पक्षी दाट होत जातात. गणनेस हाच काळ सर्वांत सोयीचा. अखेरीस पाणी त्यांच्या पायांशी भिडते आणि सर्व थवा एकदम उठतो. हजार पक्षी एका क्षणी वळतात, तेव्हा त्यांच्या पाठीचा करडा रंग लोपून पोटाचा पांढरा रंग चमकतो, आणि पुन्हा करडा होतो.

उठलेले पक्षी उंचवट्यावरील वाळूवर, मिठागरांच्या बांधांवर किंवा पाणी न पोहोचणाऱ्या सपाटीवर जाऊन उतरतात. तेथे ते एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून स्वस्थ राहतात. या विश्रांतीच्या जागा थोड्या असतात आणि त्यांचे मोल चिखलाइतकेच आहे. याचे कारण पक्ष्याच्या शरीराच्या जमाखर्चात सापडते. हिवाळाभर त्याने मिळविलेल्या अन्नातून दररोजचा खर्च भागवून जे उरेल ते चरबीच्या रूपाने साठविले जाते, आणि वसंतात उत्तरेकडे जाताना हीच चरबी इंधन म्हणून उपयोगी पडते. एक ग्रॅम चरबीपासून एक ग्रॅम पिष्टमय पदार्थाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते, म्हणून उडणाऱ्या प्राण्याने साठा करावा तर तो चरबीचाच.

हा साठा किती असू शकतो, याची कल्पना पाणटिवळ्याच्या उदाहरणावरून येईल. पट्टीदार शेपटीचा पाणटिवळा हा कच्छच्या आखातातही हिवाळ्यात आढळतो. याच जातीतील अलास्कामध्ये जन्मलेले पक्षी लांब उड्डाणापूर्वी इतके खातात, की शरीराच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग चरबीचा होतो, आणि त्याच वेळी जठर, आतडी हे अवयव लहान होतात. उड्डाणात ज्यांचे काम नाही त्यांचा भार वाहिला जात नाही. २०२२ साली ऑक्टोबर महिन्यात असा एक अवघ्या काही महिन्यांचा पक्षी अलास्काहून निघून वाटेत कोठेही न उतरता टास्मानियास पोहोचला. त्याच्या पाठीवरील यंत्राच्या नोंदीनुसार त्याने सुमारे अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर अंतर तोडले.

आता मिठागराच्या बांधावर विश्रांती घेणाऱ्या थव्यावर एखादा कुत्रा धावून गेला, किंवा छायाचित्रासाठी कोणी फार जवळ गेले, तर काय होते हे पाहावे. थवा उठतो, घिरट्या घालतो, पुन्हा बसतो. पाहणाऱ्यास ते दृश्य रमणीय वाटते, परंतु पक्ष्याच्या खात्यातून तेवढी चरबी खर्च झालेली असते. एकदा झाल्याने फार बिघडत नाही. दिवसातून दहा वेळा आणि महिनाभर झाल्यास उत्तरेकडील प्रवासाचे इंधन अपुरे पडू शकते. म्हणून पक्ष्यांनी माना वर करून पाहण्यास आरंभ करताच निरीक्षकाने तेथेच थांबावे, हा या छंदाचा पहिला नियम मानला गेला आहे.

संध्याकाळ : खिजडियाचा बांध

दुपारनंतर खिजडियास जावे. येथील भूरचना मनुष्याने घडविलेली आहे. समुद्राचे खारे पाणी शेतजमिनीत शिरू नये म्हणून १९२० साली नवानगर संस्थानाने येथे बांध घातला. क्रिकेटच्या खेळात कीर्ती मिळविलेले रणजितसिंहजी हे त्या काळी संस्थानाचे अधिपती होते. बांधाचा हेतू शेतीरक्षणाचा होता. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की बांधाच्या एका बाजूस नद्यांचे गोडे पाणी साठू लागले आणि दुसऱ्या बाजूस समुद्र व मिठागरे तशीच राहिली. सुमारे सहा चौरस किलोमीटरांच्या या क्षेत्रास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या सूचीत स्थान मिळाल्याचे २०२२ साली जाहीर झाले.

बांधावर उभे राहून डावीकडे आणि उजवीकडे पाहिले म्हणजे पाण्यातील मिठाने पक्ष्यांची कशी विभागणी होते ते एका दृष्टिक्षेपात कळते. गोड्या पाण्यावर वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके पसरलेले असतात. थापट्या बदक आपली पळीसारखी रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागावरून फिरवून बारीक जीव गाळून घेते. लांब मानेचे तलवार बदक शेपटी वर करून तळाशी चोच पोहोचविते. तरंग बदक काठाच्या गवतावर चरते. सकाळी चिखलावर जी वाटणी दिसली, तीच येथे पाण्यात दिसते.

खाऱ्या बाजूस रोहित पक्षी उभे असतात. रोहितपक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेचा दट्ट्यासारखा उपयोग करून पाणी आत-बाहेर करतो, आणि चोचीच्या कडेस असलेल्या बारीक दातऱ्यांनी अन्न गाळून घेतो. मोठा रोहित कृमी-कवचधारी जीव खातो. लहान रोहितच्या दातऱ्या अधिक बारीक असून तो मुख्यतः सूक्ष्म शैवालसदृश जीवांवर जगतो. त्याच्या पिसांतील गुलाबी छटा या अन्नातील रंगद्रव्यांपासून आलेली असते. हे पक्षी दूरदेशीचे नव्हेत. आखाताच्या उत्तरेस असलेल्या कच्छच्या मोठ्या रणात, पाऊस पुरेसा झालेल्या वर्षी, ते प्रचंड संख्येने मातीची घरटी बांधतात. सालिम अली यांचा कच्छच्या पक्ष्यांवरील ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या लेखनामुळे ही वसाहत अभ्यासकांना सुपरिचित झाली.

सूर्य कलू लागला म्हणजे वेतांच्या आणि लव्हाळ्यांच्या वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी संथ घिरट्या घालू लागतो आणि बदकांत खळबळ उडते. त्यानंतर दूरवरून कर्कश परंतु गंभीर असे आवाज ऐकू येतात. दिवसभर शेतांत दाणे टिपून परतणारे कांड्या करकोचे आणि क्रौंच रांगा धरून येतात आणि उथळ पाण्यात रात्रीच्या वस्तीस उतरतात. भोवती पाणी असले म्हणजे कोल्ह्याची चाहूल आधीच लागते.

मोजणी कशासाठी

एवढे पाहून झाल्यावर निरीक्षकाने वहीत केवळ पक्ष्यांची नावे लिहावीत काय? नावांची यादी ही आरंभाची पायरी आहे. तिच्यापुढे संख्या लिहिली म्हणजे तिचे शास्त्रीय मूल्य वाढते. मोठ्या थव्याची मोजणी करण्याची रीत साधी आहे. प्रथम दहा पक्षी एकेक करून मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे ध्यानात ठेवावे, त्या मापाने शंभरांचा गट ठरवावा आणि मग तो गट थव्यावर किती वेळा बसतो ते पाहावे. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून नंतर ताळा पाहिल्यास अधिक उत्तम. तारीख, वेळ, भरतीची स्थिती आणि जागा या गोष्टी संख्येबरोबर लिहिल्याच पाहिजेत, कारण एकाच किनाऱ्यावर सकाळी पाच हजार आणि दुपारी पन्नास पक्षी दिसू शकतात. अपेक्षित पक्षी दिसला नाही, तर तसेही लिहावे.

आशियातील पाणपक्ष्यांची गणना भारतात १९८७ सालापासून प्रतिवर्षी जानेवारीत होत आली आहे, आणि ती मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या श्रमांवर चालते. कच्छच्या आखाताचा मोठा भाग १९८० साली सागरी अभयारण्य आणि १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित झाला. त्याच क्षेत्रात जानेवारी २०२५ मध्ये खास किनारी पक्ष्यांची गणना घेण्यात आली. अशा एका वर्षीच्या आकड्यावरून फारसे सिद्ध होत नाही. पाऊस, वारा, भरती यांमुळे संख्या कमी-अधिक होतच असते. परंतु तेच ठिकाण, तोच महिना आणि तीच रीत ठेवून दहा-वीस वर्षे मोजणी चालू राहिली, म्हणजे आकड्यांच्या चढउतारांखालील खरी दिशा स्पष्ट होते.

ही दिशा आज समाधानकारक नाही. २०२४ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने जगातील सोळा किनारी पक्ष्यांची नोंद पूर्वीपेक्षा अधिक धोक्याच्या श्रेणीत केली. बाकदार चोचीचा तुतवार आणि करडा चिखल्या हे दोन पक्षी त्यांत आहेत, आणि दोन्ही जामनगरच्या चिखलावर आढळतात. पूर्व आशियातील अनुभव तर अधिक बोलका आहे. दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सेमांगुम येथे २००६ साली तेहतीस किलोमीटर लांबीचा समुद्रबांध पुरा झाला आणि भरती-ओहोटीचे एक विस्तीर्ण मैदान नाहीसे झाले. तेथे विश्रांती घेणारे ग्रेट नॉट हे पक्षी दुसरीकडे जाऊन सुखरूप राहिले नाहीत. पुढील वर्षांत ऑस्ट्रेलियातील त्यांच्या हिवाळी ठिकाणी केलेल्या मोजणीत त्यांची संख्या घटल्याचे दिसून आले. एका देशात घातलेल्या बांधाचा परिणाम दुसऱ्या खंडात मोजला गेला, तो तेथे आधीपासून मोजणी चालू होती म्हणूनच.

मोजणी झाली नाही तर काय होते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. सडपातळ चोचीचा कोरल हा पक्षी एके काळी भूमध्य समुद्राच्या काठी हिवाळ्यात पुष्कळ दिसत असे. त्याची घरटी पश्चिम सायबीरियात विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात थोडी पाहण्यात आली, त्यानंतर कधीच नाही. तो इतर कोरल पक्ष्यांसारखाच दिसत असल्यामुळे आणि त्यांच्यातच मिसळत असल्यामुळे त्याची संख्या घटते आहे हे दीर्घकाळ ध्यानातच आले नाही. ध्यानात आले तेव्हा फार थोडे पक्षी उरले होते. १९९५ साली फेब्रुवारीत मोरोक्कोच्या किनाऱ्यावर तो शेवटचा निःसंशय दिसला, आणि २०२५ साली तो नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यास कोणत्या एका कारणाने नाहीसे केले हे निश्चित सांगता येत नाही. शिकार, हिवाळी पाणथळ जागांचा नाश, वीणीच्या प्रदेशातील नांगरट अशी अनेक कारणे सुचविली जातात. ज्या काळात ते शोधता आले असते त्या काळाचे आकडे नाहीत.

कच्छच्या आखाताच्या काठी बंदरे आहेत, मिठागरे आहेत, मोठे कारखाने आहेत, आणि हजारो कुटुंबांचा निर्वाह त्यांवर चालतो. या किनाऱ्याचा कोणता भाग कशासाठी वापरावा, हे प्रश्न पुढेही उपस्थित होत राहतील. ते सोडविताना भूमी ओसाड आहे की भरलेली, हे नुसत्या डोळ्यांना ओहोटीच्या वेळी दिसणाऱ्या चिखलावरून ठरविता येत नाही. त्यासाठी तिच्यावर कोण, किती आणि केव्हा उतरतात याची अखंड नोंद हवी. अशी नोंद ठेवण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. एक दुर्बीण, एक वही, तिथीचे ज्ञान आणि दरवर्षी जानेवारीत त्याच बांधावर पुन्हा जाऊन उभे राहण्याची चिकाटी एवढी सामग्री पुरेशी आहे. भारताचा समुद्रकिनारा हजारो किलोमीटर लांब आहे, आणि त्यावरील कितीतरी खाड्या, वाळूच्या दांड्या आणि मिठागरे यांची वही अद्याप कोणी उघडलेली नाही.